घोड्याच्या घरात

नंदुरबारला, मिरचीच्या पथारीवर
झुलाल भोईनं बारदानावर कोळशानं
चौसष्ट घरं काढली होती.
काळं-पांढरं नव्हतंच काही,
सगळी घरं तागाची.
एक उंट हरवलेला, त्याच्या जागी तराजूचं पन्नास ग्रॅमचं वजन;
उंटाला ते जड जायचं नाही, मला उचलताना जायचं.

आई देठं खुडायची, किलोवर.
मी पोत्याआड बसून पट बघायची.

हत्ती सरळ जातो, त्याला वळायला जागा लागते.
उंट तिरका, वाळूत सरळ कोण चालतं.
वजीर कसाही. त्याला विचारणार कोण?
घोड्याचं मात्र अडीच घर :
दोन पायांची, अर्धं मनाचं,
असं सांगून झुलालबाबा बिडी पेटवायचा.
ते अर्धं घर मी पटावर खूप शोधलं.

प्यादं एकच घर. पहिल्यांदाही एकच.
"निंघताच उड्या कोन मारस?"
चालतं समोर, मारतं कोपऱ्यात;
समोरच्याशी त्याचं भांडण नाही,
दोघं नाकाला नाक लावून अडून राहतात
बाजार समितीच्या फाटकातल्या दोन बैलगाड्यांसारखी.

'मारलं' असं बाबा कधी म्हणायचा नाही.
मोहरा दोन बोटांनी उचलायचा,
उलट्या टोपीत ठेवायचा, म्हणायचा,
"ऊठ भो, तुनं काम सरनं."
टोपीत त्याचे-माझे सगळे एकमेकांवर रेलून पडलेले.

कायदे दोन.
शेवटचं प्यादं उचलायचं नाही.
एकट्या राजाला काय हरवायचं,
कुणीतरी असू द्यावं त्याच्याजवळ, मग मात द्यावी.
दुसरा : प्यादं ज्या घरात पोचेल त्या घरचं होईल.
वजीर व्हायचं तर वजिराच्या वाटेवरच जन्मावं,
नाहीतर कुणाला तरी तिरकं उचलून
वाट बदलावी.

नववीत शाळेनं धुळ्याला पाठवलं.
प्लास्टिकचे मोहरे, दोन तोंडांचं घड्याळ,
समोर जळगावचा कौस्तुभ झोपे.
त्याचं प्यादं पहिल्याच चालीत दोन घरं पुढं!
मी सरांकडं पाहिलं. सर घड्याळाकडं.
त्याचा उंट उचलताना तोंडातून निघालंच, ऊठ भो—
"खेळताना बोलायचं नाही."
माझ्या बोटांचं तिखट सगळ्या मोहऱ्यांना लागत गेलं;
त्यानं एकदा डोळा चोळला
अन् पुढचा तासभर पट पाण्यातून पाहिला.
तरी बरा खेळला.

शेवटी त्याच्याकडं राजा अन् एक प्यादं.
माझ्याकडं राजा, हत्ती.
हत्तीच्या रेषेत ते प्यादं दोनदा आलं,
दोनदा मी हात मागं घेतला.
ते गेलं. एक घर. एक घर.
आठव्या ओळीत, घोड्याच्या घरात.
त्यानं वजीर मागितला.
मी म्हटलं, सर, ते घर घोड्याचं आहे.
सर हसले. वाईट नाही हसले,
पण हसले.
नवव्या चालीला वजिरानं शह देता देता माझा हत्ती नेला.
मी मनातल्या मनात त्याला ऊठ म्हटलं.

दोंडाईच्यावरून एसटीनं परत.
बाया लाल ढिगावर ताडपत्री ओढत होत्या.
हरली का, असं बाबानं विचारलं नाही.
"प्यादं कोना घरमा गयं?"
घोड्याच्या.
"मंग घोडाच से तो. तू अजून हारनी नही. मांड."

मी मांडलं : दोन राजे, माझा हत्ती, अन् तो.
बाबानं बिडी कानावर ठेवली,
झोपेच्या बाजूनं बसला,
अन् म्हणाला, घोडा झाल्याझाल्या त्याला एक उडी फुकट असते,
हा तिसरा कायदा, तुला सांगायचा राहून गेला.
आणि घोडा उडाला
माझ्या राजाला शह, हत्तीवर डोळा
अशा बरोब्बर एका घरात.

"आते पळ," बाबा म्हणाला.